सुटे विभाग आणि त्यांचे सांधे

हौशी रेडिओचा संच घरी बांधायचा तर तो सुट्या विभागांत बांधावा, असे सर्रास सांगितले जाते. सल्ला चांगला आहे. पण विभाग खरोखर सुटा केव्हा म्हणायचा, हे कोणी फारसे विचारत नाही. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३ साली आखलेला 'बिटएक्स-२०' हा संच या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

१४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलण्याचा आणि ऐकण्याचा हा संच सुमारे ६ वॉट शक्तीचा आहे. त्याची सामग्री आपल्या बाजारात मिळेल अशी. योग्य कडी मिळत नाहीत म्हणून अडून न बसता रोहित्रांसाठी टीव्हीच्या बलूनचे गाभे घेतले. दोलकाच्या वेटोळ्याला तर चक्क नळाचा वॉशर! गाळणीसाठी संगणकात लागणारे १० मेगाहर्ट्झचे स्वस्त स्फटिक. सुमारे ४ मेगाहर्ट्झचा दोलक आणि हे १० मिळून १४ होतात, एवढी बेरीज आठवीच्या मुलालाही कळते.

रचनेची खरी करामत पुढेच आहे. मिश्रक आणि स्फटिक गाळणी दोन्ही दिशांनी सारखेच काम करतात. म्हणून त्यांच्यामध्ये दोन वर्धक एकमेकांना उलटे जोडले आहेत; ऐकताना एकाला वीज द्यायची, बोलताना दुसऱ्याला. त्यामुळे तीच गाळणी आणि तेच मिश्रक दोन्हीकडे उपयोगी पडतात. इतकी काटकसर आणि इतकी स्पष्टता एकत्र क्वचितच आढळते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

आमचा आक्षेप सांध्यांना आहे. आकृतीत चौकोन वेगळे दिसले म्हणून विभाग वेगळे होत नाहीत. वर्गात एक प्रयोग करून पाहा. ९ व्होल्टच्या बॅटरीला १-१ किलो-ओहमचे दोन रोध एकसरीत जोडा, मध्ये ४.५ व्होल्ट मिळतील. तसाच दुसरा विभाजक त्या मधल्या बिंदूला जोडा. निम्म्याचे निम्मे म्हणजे २.२५ व्होल्ट यावेत, असे विद्यार्थी म्हणतील. मीटर १.८ दाखवील, कारण दुसऱ्या विभागाने पहिल्याचे वर्तनच बदलले.

रेडिओ वारंवारतेला हेच घडते, फक्त साध्या मीटरला दिसत नाही. म्हणून जाणकार बांधणारे प्रत्येक विभागाचा संरोध दोन्ही टोकांना ५० ओहम ठेवू पाहतात. बिटएक्सच्या वर्धकांत मात्र प्रदानाचा काही अंश रोधामधून परत आदानाला दिलेला आहे. वर्धन स्थिर राहण्यासाठी तो उपाय उत्तमच. पण त्याच वाटेने पुढच्या विभागाचा संरोध मागच्या विभागाला 'दिसतो'. पुढे स्फटिक गाळणी असेल, तर तिचा संरोध तिच्या अरुंद पट्ट्याबाहेर ५० ओहमच्या जवळपासही राहत नाही, आणि त्याची झळ वर्धकामागच्या डायोड-मिश्रकाला लागते. सुटा तपासताना निर्दोष असलेला वर्धक जोडल्यावर वेगळा वागतो तो यामुळे. नवशिक्या मग बिचाऱ्या ट्रान्झिस्टरवर संशय घेतो.

हा दोष दुरुस्त होऊ शकतो. वेस हेवर्ड आणि बॉब कॉप्स्की यांनी २००९ मध्ये दुतर्फी संचांसाठीच असा वर्धक मांडला की, ज्याचा आदान-संरोध पुढच्या भारावर जवळजवळ अवलंबून नाही. ट्रान्झिस्टर वाढतात, पण तो विभाग खऱ्या अर्थाने सुटा असतो.

शाळेसाठी याहून सोपा उपाय म्हणजे सांध्यात रोधांचा क्षीणक घालणे: १५० ओहमचे दोन रोध जमिनीकडे, सुमारे ३७ ओहमचा एक मध्ये. ५० ओहमच्या जागी २०० ओहम आले तर ३६ टक्के शक्ती परावर्तित होते. क्षीणकातून जाता-येता दोन्ही वेळा सुमारे चौथाईच उरते, म्हणून परावर्तन सव्वादोन टक्क्यांवर येते. किंमत अर्थात मोजावी लागते: सरळ जाणाऱ्या संकेताचीही तीन-चतुर्थांश शक्ती वाया जाते. वर्धक आणि गाळणी यांच्यामध्ये ती आम्ही आनंदाने मोजू. अँटेनाजवळ मात्र नाही. तेथे आलेला संकेत आधीच क्षीण असतो, आणि तेथला सांधा वर्धकच बदलून सुधारावा लागतो.