जखमेचे माप, शिक्षेचे माप
‘जबर दुखापती’च्या व्याख्येत कायद्याने वेदनेचे दिवसही मोजले आहेत. १८६०च्या दंड संहितेत ते वीस होते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पंधरा. अशी दुखापत घातक हत्याराने, स्वेच्छेने केली तर शिक्षा किती? एक ते दहा वर्षे, किंवा थेट जन्मठेप. या विस्तारात न्यायाधीशाने नेमके कुठे थांबावे, यावर संहिता गप्प आहे. मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस मळिमठ समितीने २००३मध्येच केली होती. शिक्षा ठरवणे हा आपल्या फौजदारी न्यायाचा सर्वांत दुबळा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही २०१२मध्ये म्हटले. न्यायाधीशाला तारतम्य हवेच. पण त्याची कारणे निकालपत्रात उमटली नाहीत, तर जखमी आणि दोषी दोघांनाही शिक्षा म्हणजे नशिबाचा भाग वाटेल.