मानसोपचारतज्ज्ञ नसतो तिथे त्याचं काम काय?

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नव्हे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे औषधांबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण एकाकडचं ज्ञान दुसऱ्याच्या हाती जाताना त्याचं काय होतं, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे. आजचं पुस्तक मला थेट तिथे नेतं.

विक्रम पटेल यांचं ‘व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट’ २००३ मध्ये आलं. शार्लट हॅन्लन यांच्यासह केलेली दुसरी आवृत्ती २०१८ची. नावातच डेव्हिड वर्नर यांच्या ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ची आठवण आहे. पुस्तक लिहिलंय आरोग्यसेवक, परिचारिका आणि प्राथमिक केंद्रातले डॉक्टर यांच्यासाठी. त्याचा गाभा तक्रारींवर रचलेला आहे. झोप लागत नाही, अंग दुखतं पण तपासणीत काही सापडत नाही, दारू सुटत नाही, घरात मारहाण होते. आता बघा, ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत कुणी बाई आरोग्य केंद्रात येत नाही. ती म्हणते, कंबर धरते, कशात मन लागत नाही, डोक्यातले विचार थांबत नाहीत. तिच्या शब्दांपासून सुरुवात करणं, हे या पुस्तकाचं खरं मोठेपण.

या विचाराची कसोटी पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात लावली. ‘मानस’ नावाच्या त्या चाचणीत २४ दवाखाने होते, १२ सरकारी आणि १२ खासगी. वैद्यकीय पदवी नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक, तिथले डॉक्टर आणि भेट देणारा मानसोपचारतज्ज्ञ, असं पथक होतं. निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत जिथे समुपदेशक होते, तिथे सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. जिथे नव्हते, तिथे सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरकच पडला नाही. दोन्हीकडे प्रमाण ६४ ते ६६ टक्क्यांच्या आसपास!

याचा अर्थ मी असा लावतो. खासगी दवाखान्यातला डॉक्टर बहुधा घरचा माणूस असतो. तो नाव घेऊन विचारतो, ‘काय गं, सासूबाई कशा आहेत?’ सरकारी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत हे विचारायला कुणी नसतं, आणि ती जागा समुपदेशकाने भरली.

आता माझी तक्रार. पुस्तकाच्या नावात मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण गोव्याच्या पथकात तो होता. तो शिकवत होता, अवघड रुग्ण बघत होता. मग त्याला हे काम कोण शिकवणार? पुस्तक आरोग्यसेवकाला घडवतं आणि तज्ज्ञाबद्दल गप्प राहतं. आपल्याकडे एम.डी.ची तीन वर्षं बहुतांश रुग्णालयातच जातात. समोरचा एक रुग्ण नीट बघायला ती शिकवतात, आणि ते हवंच. पण अख्खा तालुका बघायचा कसा?

त्यासाठी पुढचं, वेगळं प्रशिक्षण लागतं. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेली सार्वजनिक मानसोपचाराची एक वर्षाची फेलोशिप १९८१पासून चालते. तज्ज्ञ झालेला डॉक्टर आठवड्यातले काही दिवस लोकांमधल्या सेवाकेंद्रात काम करतो आणि उरलेले दिवस वर्गात बसतो. आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा कार्यक्रम १९९६चा. म्हणजे कामाची जागा केव्हाच तयार झाली. तिथल्या माणसाची तयारी मागे राहिली.

या तयारीत काय असावं? पहिलं, न आलेल्यांची मोजणी. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे सर्रास आढळणारे मानसिक आजार असलेल्या १०० जणांपैकी ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. उरलेल्या पंधरांवरून समाजाबद्दल मत बनवणं हा साधा तर्कदोष आहे. दुसरं, ऐकणं. समुपदेशक रुग्णाची हकीकत सांगत असताना दुसऱ्याच मिनिटाला निदान ठोकून दिलं, तर ती पुढच्या वेळी हकीकत सांगणारच नाही. निदानाचा अंदाज तेवढा सांगेल. तिसरं, कारभार. गोळ्यांचा साठा का संपला, पद का रिकामं आहे, फाइल कुठे अडली, हे कळायला हवं.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला खोडता येत नाही. ही वाटणी म्हणजे श्रीमंताला तज्ज्ञ आणि गरिबाला कमी पगाराची सेविका, असं तर होणार नाही ना? होऊ शकतं. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. काम मोठंच. पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याच्याशी बोलल्यावर झोप थोडी परत येईल; कर्ज तसंच राहील. गावातली सेविका हे रोज बघते, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत तिला खुर्ची नसते. तज्ज्ञाला असते. तिने पाहिलेलं तिथे मांडणं हाही त्याच्या प्रशिक्षणाचा धडा असला पाहिजे.

तो धडा या पुस्तकात नाही. तरी मानसशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मी सांगेन, ते वाचा. आरोग्यसेवकांसाठी लिहिलंय म्हणून बाजूला ठेवू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.