जनसंज्ञापनाच्या दोन उपपत्ती आणि इचोड्याचा श्रोता

जनसंज्ञापनाच्या उपपत्तींची चर्चा मराठीत निघाली म्हणजे तिचे बहुधा दोन पक्ष पाडले जातात. एक अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांचा, तो मुख्यप्रवाही. दुसरा फ्रांकफुर्टच्या तत्त्वचिंतकांचा, तो चिकित्सक. विद्यार्थ्याने दोन्ही पाठ करावेत व एकाच्या उणिवा दुसऱ्याच्या शब्दांत लिहाव्यात, येथवर येऊन विचार थांबतो. आमचा आक्षेप या थांबण्यावर आहे. हे दोन्ही पक्ष मराठी भूमीत प्रत्यक्ष आचरले गेले आहेत. तो अनुभव दृष्टीआड करून केवळ परकी नावे उच्चारणे यास आम्ही अभ्यास म्हणणार नाही.

प्रथम पक्षांची मांडणी पाहू. कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणास सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो, असा प्रश्न हॅरल्ड लासवेल यांनी १९४८ साली घातला. त्यापूर्वीच पॉल लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या अमेरिकी निवडणुकीचा अभ्यास करून दाखविले होते की, रेडिओ वा वृत्तपत्र यांचा संदेश मतदारावर सरळ जाऊन आदळत नाही. भोवतालच्या जाणत्या माणसांकडून तो त्याच्यापर्यंत झिरपतो. याच लाझार्सफेल्डांच्या रेडिओ-संशोधनात १९३८ साली थिओडोर अडोर्नो सामील झाले. पण दोघांचे जमले नाही. संस्कृती मोजता येते, हेच अडोर्नोंस मान्य नव्हते. माध्यम कोणाच्या हाती आहे आणि श्रोत्याची आवड कोण घडवितो, हे त्यांचे प्रश्न होते. पुढे १९४१ साली लाझार्सफेल्डांनीच या दोन वाटांस ‘प्रशासकीय’ व ‘चिकित्सक’ अशी नावे दिली. यांतील पहिला शब्द मार्मिक आहे. संशोधन कोणाच्या कामासाठी चालले आहे, याची त्यात प्रांजळ कबुली आहे.

आता आपल्याकडे वळू. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १५० गावांत मंडळे स्थापून वीस कार्यक्रम ऐकविण्यात आले. कार्यक्रम संपला की मंडळाने त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी योजना होती. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या नेतृत्वाखाली केले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अल्प होती. हा निष्कर्ष मुख्यप्रवाही पद्धतीचा उत्तम नमुना होय आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि त्यातील खरी शिकवण परिणामाच्या आकड्यांपेक्षा कारणात आहे. ऐकणाऱ्यास बोलण्याची जागा मिळाली, म्हणून ऐकलेले त्याच्या अंगी लागले. पण चर्चेचा विषय कोणी ठरवावा, हा अधिकार मुख्यतः केंद्राकडेच राहिला.

तो अधिकार मागणारा पक्ष मराठीत पूर्वीच उभा राहिला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. पहिल्याच अंकात त्यांनी दाखवून दिले की, तत्कालीन बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात आणि इतरांच्या हिताची पर्वा करीत नाहीत. माध्यम तटस्थ नसते, ज्याच्या हाती ते असते त्याचीच बाजू ते सांभाळते, हा चिकित्सक पक्षाचा गाभा येथे आहे. होर्कहायमर यांचा ‘चिकित्सक उपपत्ती’ हे नाव रूढ करणारा निबंध १९३७ चा आहे. कोण आधी, हा मान मिळविण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. फ्रांकफुर्टच्या विचारवंतांनी श्रोत्याच्या वतीने विचार केला. ‘मूकनायका’त बोलू न दिलेला समाज स्वतः बोलू लागला. हा फरक आमच्या मते मूलगामी आहे.

असे असूनही या दोन्ही मराठी उदाहरणांत एक गोष्ट गृहीत आहे : बोलणारा व ऐकणारा यांची भाषा एक. हे गृहीत जेथे टिकत नाही, अशा गावी ते तपासले पाहिजे. आदिलाबाद जिल्ह्यातील इचोडा हे असे गाव आहे. तेथील परिसरात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू व बंजारा या बोली शेजारी नांदतात. पुण्याचा प्रयोग झाला त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्य विभागले गेले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. इचोडा आंध्र प्रदेशात राहिले व २०१४ पासून ते तेलंगणात आहे. तेथील मराठी माणसास मराठी पत्र वा वाहिनी महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे वृत्त सांगते. त्याचा राज्यकारभार मात्र तेलुगूत चालतो. लासवेल यांच्या सूत्राप्रमाणे संदेश पोहोचला, कळलाही. पण तो त्याच्याविषयी नव्हता. माध्यमाची मालकी बदलल्यानेही हे दुखणे जाणार नाही.

पण गाऱ्हाणे येथेच थांबविले तर आमचीही चिकित्सा अपुरी ठरेल. इचोड्याच्या मराठी माणसाशेजारी गोंड राहतो. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई येथे १९४० नंतरच्या दशकात फ्यूरर-हायमेन्डोर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्यात आले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. कारण थोडेबहुत लिहू-वाचू शकणाऱ्या गोंडांस अक्षरओळख होती ती मराठीची. तेथे मराठी ही गोंडीकडे नेणारी पायरी झाली. हीच मराठी शाळेत व बाजारात गोंडाचा शब्द दाबणारी भाषाही होऊ शकते. तेलुगूविषयी आपण जो प्रश्न विचारतो, तो आपल्या भाषेस विचारण्याचे धैर्य आपणांस आहे काय?

म्हणून अध्यापकांस आमची विनंती अशी की, दोन्ही उपपत्ती शिकवाव्यात. पण त्यांचा निवाडा ग्रंथात शोधू नये. विद्यार्थ्यास एखाद्या आठवडी बाजारात उभे करावे. कोण बोलतो, कोणाच्या खर्चाने बोलतो आणि ऐकणाऱ्यास आपल्या भाषेत उत्तर देता येते की नाही, एवढे त्याने टिपून आणावे. पहिल्या दोन प्रश्नांस आपल्या अभ्यासक्रमात जागा आहे. तिसऱ्यास ती करून देणे, हे साहित्यसंस्थांचेही काम आहे.