माफीनंतरचा अनुवादक

रायपुरात 'सप्रे' हे आधी शाळेचं नाव आहे, मग माणसाचं. रिक्षावाल्याला 'सप्रे शाळा' एवढं सांगितलं की पुरतं. माणसाबद्दल विचारलं तर शिकलेले लोक एक वाक्य सांगतात: हिंदीतली पहिली कथा त्यांनी लिहिली. मराठी घरांत त्याला अर्धं वाक्य जोडलं जातं, 'आणि ते आपले होते.' महाराष्ट्रातल्या वाचकाला बहुधा एवढंही ठाऊक नसतं.

इतिहासातल्या विसरलेल्या, चमत्कारिक पण खऱ्या गोष्टी सांगणं हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. अमेरिकेत तर त्याची परंपराच आहे. आपणही त्यात भर घातली: डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत, ही माहिती ऐकून प्रत्येक मराठी माणूस क्षणभर थबकतो. पण थबकून पुढे काय? या प्रकारच्या लेखनाबद्दल माझी तक्रार तीच आहे. तिथे चमत्कारिक तपशील गोष्ट उघडत नाही, ती मिटवून टाकतो. माधवराव सप्रे यांच्या बाबतीत 'पहिली कथा' या बिरुदाने नेमकं हेच केलं आहे.

ती कथा, 'एक टोकरी भर मिट्टी', १९०१ साली 'छत्तीसगढ़ मित्र'मध्ये आली. हे मासिक सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून सुरू केलं होतं आणि ते तीन वर्षं चाललं. कथा जेमतेम पानभराची. जमीनदार वाडा वाढवण्यासाठी गरीब विधवेची झोपडी बळकावतो. ती नातीसाठी चूल घालायची म्हणून तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला हात लावा म्हणते. त्याला ती उचलत नाही. एक टोपली उचलवत नाही, तर या जमिनीतल्या हजारो टोपल्यांचं ओझं जन्मभर कसं पेलणार, असं ती विचारते. जमीनदार खजील होतो, माफी मागतो, झोपडी परत करतो.

पहिली की दुसरी, हा वाद हिंदीत बराच झाला. मला त्यात रस नाही. शिवाय अंदलुसियातल्या खलिफाची आणि त्याला मातीची गोणी उचलायला लावणाऱ्या काझीची गोष्ट ज्यांनी वाचली आहे, त्यांना ही टोपली ओळखीची वाटेल. गोष्टी अशाच हिंडतात, त्यात कमीपणा काही नाही. कथेत खरं बळ आहे ते त्या वजनात. उपदेश शब्दांतून येत नाही, जमीनदाराच्या हातांना कळतो. कच्चा आहे तो शेवट. तिथे माफी फार स्वस्त आहे: मागितली, मिळाली, झोपडी परत. एकोणतीस-तीस वर्षांच्या संपादकाला माफी इतकी सोपी वाटली, हे वाचताना आज अंगावर येतं. त्याचं कारण १९०८.

१९०७ साली सप्रे यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' काढला. नावातच सगळं आलं: टिळकांच्या 'केसरी'तले विचार हिंदीत आणणं हेच त्याचं काम. पुढच्या वर्षी 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांवर कलम १२४-अ खाली खटला झाला आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा झाली. (हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. आम्हा दोन भाषांत राहणाऱ्यांना हा शब्द आजही अडखळवतो.) ऑगस्टमध्ये त्याच कलमाखाली सप्रे यांना अटक झाली. टिळक मंडालेला गेले. सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले.

चरित्रकार इथे घाईत असतात. थोरल्या भावाने जीव देण्याची धमकी दिली म्हणून सही झाली, असं सांगून ते लगेच पश्चात्तापाकडे वळतात. धमकी खरी असेलही. पण ती ज्या तत्परतेने सांगितली जाते, तिच्यात नायकाला डाग लागू नये ही धडपड दिसते. काही ठिकाणी तर १९०८ हे सालच दोन वाक्यांत उरकतं. मला वाटतं, सही सप्रे यांची होती असं सरळ म्हणावं. त्यांनी स्वतः पुढे ज्या तऱ्हेने आयुष्य काढलं, त्यावरून त्यांनाही ती दुसऱ्या कुणाची वाटली नसावी. वर्ध्याजवळ हनुमानगढीत रामदासी परंपरेतले श्रीधर विष्णु परांजपे यांच्याकडे ते राहिले, मधुकरी मागितली, दासबोध वाचला. मग रायपुरात येऊन त्यांनी दासबोध हिंदीत आणला.

आणि त्यानंतर 'गीतारहस्य'. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ मराठीत १९१५ साली छापला गेला आणि पाठोपाठ त्याचा हिंदी अनुवाद आला. अनुवादक माधवराव सप्रे. एकाच वर्षी एकाच कलमात सापडलेली दोन माणसं. एकाने शिक्षा भोगत ग्रंथ लिहिला, ज्याने ती टाळली त्याने तो ओळीओळीने दुसऱ्या भाषेत नेला. यापेक्षा चमत्कारिक गोष्ट मला तरी माहीत नाही, आणि ती 'पहिली कथा'च्या पाटीखाली झाकलेली आहे.

याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो. मी तो टाळते, कारण प्रायश्चित्त म्हटलं की अनुवादाकडे बघायची गरज उरत नाही. बघितलं तर एक ताण दिसतो. गीतारहस्याचा सगळा रोख संन्यासाविरुद्ध आहे: ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही. आणि अनुवादक नुकताच मठातून, भिक्षेतून आलेला. पूर्वपक्ष मांडून तो खोडत जाणारी टिळकांची वकिली वाक्यं हिंदीत उतरवताना त्याला स्वतःच्याच गेल्या काही वर्षांविरुद्धचा युक्तिवाद लिहावा लागला असणार. मूळ ग्रंथातल्या वाचकाला हा अनुभव नाही. तो फक्त अनुवादकाला आहे.

भाषेच्या अंगाने मला हा अनुवाद निर्दोष वाटत नाही. मराठी आणि हिंदी इतक्या जवळ की संस्कृत शब्द जसेच्या तसे पलीकडे जातात, आणि तिथेच फसगत होते. सप्रे यांच्या हिंदीत मराठी वाक्याची चाल ऐकू येते, क्रियापदापर्यंत पोचायला ती पुष्कळ वळणं घेते. पण खडी बोलीचं वैचारिक गद्य तेव्हा घडत होतं. अर्थशास्त्राच्या हिंदी परिभाषेवर काम केलेल्या या माणसाला, तात्त्विक वाद पेलू शकेल असं वाक्य हिंदीत आधी बांधावं लागत होतं. त्या बांधकामात मराठी लाकूड लागलं, याचं मला वाईट वाटत नाही. हिंदीच्या अभ्यासकांनी ते मोजायला हवं, आणि मराठीच्याही.

पुढे चिं. वि. वैद्य यांचं महाभारतावरचं पुस्तकही त्यांनी हिंदीत नेलं. १९२० साली 'कर्मवीर' उभा करण्यात त्यांचा हात होता, आणि तिथे संपादक म्हणून माखनलाल चतुर्वेदी पुढे आले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. २३ एप्रिल १९२६ रोजी ते रायपुरात वारले. जुन्या नियतकालिकांचं भोपाळचं संग्रहालय १९८४ पासून त्यांच्या नावाने आहे. दासबोध आणि गीतारहस्य यांचे मूळ मराठी पाठ शेजारी ठेवून सप्रे यांचे अनुवाद वाचायचे, तर दोन्ही भाषा येणारा वाचक लागतो. रायपूर, बिलासपूर, जबलपूर, नागपूर या पट्ट्यात असे वाचक पुष्कळ आहेत.