वांझ कोण म्हणतं?

मुंग्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘स्टराइल वर्कर’साठी मी ‘वांझ कामकरी’ लिहिलं आणि पुढे गेले. छापून आल्यावर माझीच मी अडखळले. इंग्रजीतला ‘स्टराइल’ दवाखान्यातल्या कापसालाही लागतो. आपला ‘वांझ’ बाईला लागतो, आणि ओटभरणाच्या वेळी तिला मागं बसवतो. हिंदी ‘बाँझ’ आणि गुजराती ‘वांझणी’ यांची तीच कुळी. त्यात मराठीत मुंगी व्याकरणानंच स्त्रीलिंगी. (आपल्याला कडकडून चावणारा मुंगळाही कामकरी मादीच असतो, तिथं व्याकरण फसतं ते वेगळं.)

शब्द नुसता कठोर असता तर एक वेळ निभावलं असतं. तो चुकीचाही आहे. अनेक जातींतल्या कामकरी मुंग्यांना अंडाशय असतात. नराशी मीलन न होताही त्या अंडी घालू शकतात. त्या अफलित अंड्यांतून नर निपजतात. मग एरवी त्या का घालत नाहीत? लोकप्रिय विज्ञानलेखन इथं हटकून ‘त्याग’ हा शब्द काढतं. पुष्कळदा खरं कारण इतकं उदात्त नसतं: इतर बहिणी घालू देत नाहीत.

दक्षिण भारतातली उडी मारणारी मुंगी घ्या. हार्पेग्नॅथोस सॅल्टेटर, १८५१ साली जर्डन यांनी तिचं वर्णन केलं. राणी मेली की कामकरी मुंग्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात, तेही कित्येक दिवस. जिंकणाऱ्यांचे अंडाशय वाढतात, मेंदू सुमारे पाचव्या हिश्श्यानं आक्रसतो आणि सातेक महिन्यांचं आयुष्य चार वर्षांपर्यंत लांबतं. एखादीचे अंडाशय अर्धवट वाढलेले दिसले की इतर जणी तिला पकडून जखडून ठेवतात. अंडाशय पुन्हा मिटतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा माघारी आलेल्या मुंग्यांचा मेंदूही पूर्ववत वाढलेला दिसला. हिला वांझ कसं म्हणायचं?

दुसरा अडसर ‘फिटनेस’चा. ‘तंदुरुस्ती’ म्हटलं की व्यायामशाळा आठवते आणि ‘बळी तो कान पिळी’ म्हटलं की गुंडगिरी. मुळात तो एक हिशेब आहे: पुढच्या पिढीत आपल्या जनुकांचा वाटा किती? १९६४ मध्ये हॅमिल्टन यांनी दाखवलं की हा वाटा नातलगांमार्फतही भरतो. राणीचं मीलन एकाच नराशी झालं असेल तर सख्ख्या बहिणींचं नातं पाऊण, आणि आई-लेकीचं निम्मं. म्हणजे पोर नसलेल्या मुंगीच्या खात्यावरही जमा असते. ‘वांझ’ हा शब्द मात्र ते खातंच बंद करून टाकतो. म्हणून मी ‘वंशातला वाटा’ असं लिहिते. त्यातून सातबारा डोकावतो, पण बहिणींच्या वाट्याची भांडणं आपल्याला कळतात, तेव्हा डोकावू दे.

शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. मीलन होऊन अंडी घालणाऱ्या कामकरीला ते ‘गॅमरगेट’ म्हणतात. ग्रीकमधून आलेला अर्थ ‘लग्न झालेली कामकरी’. म्हणजे मराठीत सवाष्ण! मोह झाला होता, आवरला. गॅमरगेट तसाच ठेवला. ‘वांझ’च्या जागी आता ‘सध्या अंडी न घालणारी’ आहे. वाक्य लांबलं आहे, आणि मुद्रितशोधकानं समासात विचारलंय, ‘एका शब्दात नाही होणार?’