संत बोनाव्हेंतूरचा ज्ञानसमन्वय : एक परीक्षण

मढ बेटावर एरंगळच्या समुद्रकांठीं संत बोनाव्हेंतूरचें पोर्तुगीज अमदानींतील चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं भरणाऱ्या तेथील जत्रेमुळें हें नांव साष्टींत सुपरिचित आहे. परंतु तें धारण करणारा पुरुष तेराव्या शतकांतील एक थोर तत्त्वज्ञ होता, याचें स्मरण क्वचितच होतें. यूरोपांतील मध्ययुगीन पंडितांनीं आरिस्टॉटलची केवळ पोपटपंची केली, असा एक समज रूढ आहे. तो कितपत खरा, हें पाहण्यासाठीं बोनाव्हेंतूरच्या ज्ञानविषयक मताचें येथें परीक्षण करूं.

प्लेटोच्या मतें नित्य पालटणाऱ्या इंद्रियगोचर वस्तूंचें निश्चित ज्ञान संभवत नाहीं. तें अविकारी मूलरूपांचेंच होतें. उलट आरिस्टॉटल म्हणतो कीं, रूपें वस्तूंतच असून इंद्रियानुभवाच्या द्वारें बुद्धि त्यांचें ग्रहण करिते. बाराव्या व तेराव्या शतकांत आरिस्टॉटलचे ग्रंथ लॅटिनमध्यें उतरून पॅरिसच्या विद्यापीठांत शिकविले जाऊं लागले. तेव्हां ऑगस्टिनच्या हस्तें आलेल्या प्लेटोच्या वारशाचें काय करावें, असा पेंच पडला.

बोनाव्हेंतूरनें (मृत्यु १२७४) दोन्ही पक्षांची उणीव दाखविली. केवळ मूलरूपांचेंच ज्ञान मानिलें, तर या जगांतील कांहींच जाणतां येत नाहीं, असा संशयवाद उद्भवतो. केवळ इंद्रियांवर भिस्त ठेविली, तर ज्ञेय वस्तु अस्थिर व ज्ञाता स्खलनशील. मग निश्चिति कोठून येणार? म्हणून सामग्री इंद्रियांकडून आणि निश्चिति ईश्वरी प्रकाशाकडून, असा त्याचा निर्णय आहे. एका प्रवचनांत तो प्लेटोस प्रज्ञेची, आरिस्टॉटलास शास्त्राची व ऑगस्टिनास दोहोंची वाणी लाभली, असें सांगतो.

यांतील खंडनाचा भाग आम्हांस बळकट वाटतो. मंडनाचा भाग मात्र तसा नाहीं. हा प्रकाश ज्ञानाचें एकमेव कारण नव्हे व निव्वळ सामान्य साहाय्यही नव्हे. तो बुद्धीचा नियामक व प्रेरक आहे, असें तो म्हणतो. पण तो प्रत्येक निर्णयाचें नियमन करीत असेल, तर भ्रम कां होतो? केवळ सत्य निर्णयाचेंच करीत असेल, तर तो प्रकाश आपणांस लाभला आहे हें ज्ञात्यानें कशावरून ओळखावें? त्याच्याच संप्रदायांतील डन्स स्कोटस (मृत्यु १३०८) यानें पुढें गेंटच्या हेन्रीचें खंडन करितांना असाच वर्मी घाव घातला: मनच विकारी असेल, तर त्यांत पडलेला प्रकाश निश्चिति कशी देणार?

१२७४ सालींच निवर्तलेल्या थॉमस अक्वायनसचा मार्ग अधिक सुसंगत आहे. बुद्धीचा स्वाभाविक प्रकाशच ईश्वरी प्रकाशाचा अंश मानून त्यानें निराळ्या साहाय्याची गरज टाळिली. परंतु त्यांत आरिस्टॉटलचें पारडें जड होऊन प्लेटोचा वांटा फारच थोडा राहिला.

तात्पर्य, बोनाव्हेंतूरनें साधलें तें समन्वयापेक्षां कामाचें वांटप होय. तथापि अनुभव ज्ञान देतो, पण त्याचें प्रामाण्य कोण देतो, हा त्याचा प्रश्न पोपटपंची करणाऱ्याचा नव्हे. मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद व नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद जाणणाऱ्या आपल्या वाचकांस त्याची योग्यता निराळी सांगावयास नको. एरंगळच्या चर्चचा इतिहास लिहितांना बांधकामाच्या सनांबरोबर या प्रश्नाचीही नोंद व्हावी, असें आम्हांस वाटतें.