अचूक किरणोपचार : एका चाचणीचे परीक्षण

मेंदूतील गाठीवर किरणोपचार घेतलेली एक विद्यार्थिनी शाळेत परतली. आजार आटोक्यात आला. पण गणितात ती मागे पडू लागली, उंचीही वाढेना. हे उपचारामुळे झाले का, असे जूचंद्रच्या एका शिक्षिकेने आम्हांला विचारले. त्या निमित्ताने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एक चाचणी आम्ही पुन्हा वाचली.

जूचंद्र हे रांगोळीचे गाव. रेषेबाहेर सांडलेला रंग चित्र बिघडवतो, हे तिथे कुणाला सांगायला नको. क्ष-किरण गाठीपाशी थांबत नाहीत. वाटेतल्या निरोगी पेशींतूनही जातात. मुलांचा मेंदू अजून घडत असतो, म्हणून ही सांडलवंड त्यांना जास्त महाग पडते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला मार बसला, तर वाढीचे संप्रेरक कमी पडते.

२००१ ते २०१२ या काळात, ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रुग्ण या चाचणीत घेतले गेले. गाठी सौम्य किंवा मंद वाढणाऱ्या होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. मात्रा दोघांना एकच : ३० बैठकांत ५४ ग्रे. एका गटाला रूढ पद्धतीने, तर दुसऱ्याला डोके पक्के स्थिर करून, गाठीच्या आकाराबरहुकूम किरण दिले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत नव्याने संप्रेरकदोष उद्भवण्याचे प्रमाण रूढ गटात ५१ टक्के, तर अचूक गटात ३१ टक्के होते. बुद्ध्यांकही अचूक गटात सरस राहिला. जगण्याच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक नव्हता.

चाचणीचे मोल तिच्या रचनेत आहे. गाठ आणि शस्त्रक्रिया यांनीही मेंदूला इजा होते; पण हे घटक दोन्ही गटांत सारखेच विभागले गेल्याने फरकाचे श्रेय नेमाला देता येते. मूल केवळ वाचले का, एवढ्यावर न थांबता ते कसे जगते, हेही इथे मोजले गेले.

तरी आमचे दोन आक्षेप आहेत. तीन वर्षांचे बालक आणि पंचविशीचा तरुण यांची एकत्र सरासरी लहानग्यांबद्दल पुरेसे सांगत नाही. शिवाय बुद्ध्यांकातला फरक सांख्यिकीच्या कसोटीवर जेमतेम उतरला. संप्रेरकांचा निष्कर्ष अधिक भक्कम आहे.

मग मात्राच कमी का करू नये? मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगात, ३ ते ७ वर्षांच्या मुलांना मेंदू व मज्जारज्जूवर २३.४ ऐवजी १८ ग्रे देऊन अमेरिकेत पाहिले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत कमी मात्रेच्या गटात आजार अधिक वेळा उलटला. काटकसर कुठे करावी, हे प्रयोगच ठरवतो. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतो. प्रोटॉन गाठीपाशी थांबतात हे खरे. पण त्यांचाही लाभ असाच मोजून पाहावा लागेल.

त्या शिक्षिकेला आमचे उत्तर : एकट्या मुलीवरून कारण ठरत नाही, पण शंका रास्त आहे. तिची संप्रेरके तपासून घ्यायला पालकांना सांगा आणि गणितासाठी तिला जास्त वेळ द्या. तिला आळशी मात्र म्हणू नका.